जागा – मासिक

१

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बँकेचं स्टेटमेंट वाचायचं, हा वेलांटीचा नेम होता. इतर लोक रविवारी पेपरची पुरवणी घेऊन लोळतात. ही बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, लाल पेनाचं टोपण काढून, ओळीखाली पट्टी धरून बँकेचा कागद वाचायची. पैशांसाठी नव्हे, चुकांसाठी. बँकेने एकदा तिच्या आडनावातलं एक अक्षर खाल्लं होतं, तेव्हापासून ती बँकेवर डूख धरून होती.

वेलांटी हे काही तिचं खरं नाव नाही. एका प्रकाशन संस्थेत ती सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होती आणि ऱ्हस्व-दीर्घावरून तिने भल्याभल्या लेखकांना घाम फोडला होता. नाव ठेवलं ते नवऱ्याने. लग्न ठरायच्या आधी त्याने तिला एक पत्र लिहिलं होतं, ते तिने लाल खुणा करून परत पाठवलं. वर शेरा दिला, 'मजकूर चांगला, शुद्धलेखन सुधारा.' तो पोट धरून हसला आणि त्याच दिवशी त्याने होकार कळवला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस-वीस मजल्यांच्या खोल बोगद्यात लोंबकळून त्याने तीस वर्षं काढली, कधी साधं खरचटलंही नाही. लिफ्टने एकेक मजला ओलांडला की जिभेने 'टक्' करायची त्याची सवय होती. घरी रिकामा बसला तरी भिंतीकडे बघत टक्, टक् चालायचं. वेलांटी वैतागायची. असा हा माणूस शेवटी पडला तो घरातल्या स्टुलावरून, दिवा बदलताना. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि त्याने डोळे मिटले ते मिटलेच, श्वास तेवढा चालू राहिला. त्याला पाच महिने झाले होते.

या पाच महिन्यांत वेलांटीचा नेम मोडला होता. पाकिटं येत होती, तशीच टोपलीत पडत होती. त्या रविवारी नणंदेने ती टोपली तिच्यापुढे आदळली. "वहिनी, निदान हे तरी कर. कशात तरी चूक काढ. तू चूक काढली नाहीस की मला घर ओळखीचं वाटत नाही."

म्हणून तिने पट्टी घेतली. वीज, पाणी, हॉस्पिटल, औषधं, पुन्हा हॉस्पिटल. आणि मग एक ओळ आली, 'जागा – मासिक'. पुढे अगदी किरकोळ रक्कम.

तिने कुठलीही जागा घेतली नव्हती. मागचं पाकीट फोडलं, त्यातही ती ओळ होती. पाचही पाकिटांत होती. तारीख दर महिन्याची तीच, नवरा पडला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आली नसती. त्या ओळीचा टाइप वेगळा होता. 'जागा'मधल्या 'ग'चा दंड मधोमध तुटलेला होता. तसा शिशाचा टाइप तिच्या संस्थेच्या छापखान्याने फार वर्षांपूर्वी वितळवून टाकला होता. तिने कागद उजेडात धरून तो 'ग' पुन्हा एकदा तपासला.

२

सोमवारी कामावरूनच तिने बँकेला फोन लावला. आधी सनई, मग रेकॉर्ड केलेली बाई, मग पुन्हा सनई, असं सगळं यथासांग झाल्यावर एक माणूस बोलू लागला. आवाजावरून निवृत्तीला आलेला वाटत होता.

"वर्गणी आहे ती मॅडम. दर महिन्याला आपोआप जाते. लोक घेतात आणि विसरतात. माझ्या बायकोने व्यायामाची घेतली होती. दोन वर्षं पैसे गेले, ती एक दिवस गेली नाही."

"मी काहीच घेतलेलं नाही."

"मग मिस्टरांनी घेतली असेल. जागा म्हणजे गाळा, गोदाम, पार्किंग. विचारा ना त्यांना."

"त्यांना विचारता येत नाही," वेलांटी म्हणाली.  मग तो माणूस जरा खालच्या पट्टीत बोलला, "सॉरी मॅडम. मी बघतो." कीबोर्डचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. परवानगीचा कागद आहे, खाली सही तुमचीच आहे. पण पैसे कोणाच्या खात्यात जातात तो रकाना कोरा आहे. इतक्या वर्षांत असा कोरा रकाना मी पाहिलेला नाही." त्याने घसा खाकरला. "मी इथून बंद करू शकत नाही. एक फोन नंबर तेवढा दिसतोय. लिहून घ्या."

तिने मुद्रिताच्या समासात नंबर लिहून घेतला. सही तिची होती म्हणे! न वाचता सही करणं तिला जन्मात जमलं नव्हतं. दूधवाल्याच्या पावतीवरसुद्धा ती दोनदा नजर फिरवायची.

नणंदेला सांगितलं तर तिने डोळे मिचकावले. "दादाने कुठे गुपचूप गाळा घेतलाय की काय? बघ हो वहिनी, जाशील तर आत एखादी बाई निघायची." मग आपण काय बोललो ते कळून तिचा चेहरा पडला. "अगं, निघाली तरी चालेल. त्याला उठू दे, मग आपण दोघी मिळून झोडू."

वेलांटी हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच हसली असावी. तिला ते बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

३

दुपारी साडेतीनला ती हॉस्पिटलमध्ये पोहोचायची. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. यंत्राची बारीक पीप, सलाइनचा थेंब, बाहेर ढकलगाडीचं एक कुरकुरणारं चाक. या आवाजांची तिला इतकी सवय झाली होती की घरी गेल्यावर शांतता तिच्या कानात दुखायची.

नर्स त्याची दाढी करत होती. या नर्सला वेलांटी मनातल्या मनात 'घाई' म्हणायची.

"बोलत बोलत केली आणि लागलं बघा जरासं," घाई म्हणाली. जबड्याच्या डाव्या कडेला रक्ताचा एक ठिपका आला होता. तिने कागदी रुमालाचा कपटा फाडून त्यावर चिकटवला. "सुकलं की आपोआप पडेल."

तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी वेलांटीला दाराशी बोलावलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पाच महिन्यांत काही फरक नाही. या वॉर्डात यापेक्षा जास्त दिवस ठेवता येत नाही. महिनाअखेर त्यांना शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल. तिथे असे पेशंट असतात, काळजी चांगली घेतात.

"तिथून कोणी उठून घरी आलंय?" तिने विचारलं.

"आशा सोडू नये," डॉक्टर म्हणाले.

वाक्य निर्दोष होतं. व्याकरणाची एकही चूक नाही आणि उत्तरही नाही.  ती परत येऊन पलंगाजवळच्या स्टुलावर बसली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागली. तिला एवढंच हवं होतं, याने डोळे उघडावेत. मग त्याने हवं तितकं टक् टक् करावं, हवं तसं अशुद्ध लिहावं.

बघता बघता तिच्या लक्षात आलं की जबड्यावरचा कपटा नव्हता.

तिने उशी उचलून पाहिली, चादर झटकली, वाकून पलंगाखाली पाहिलं. घाई तर मघाच बाहेर गेली होती. खिडकी बंद, पंखा बंद. जखमेवर रक्त ओलंच होतं, म्हणजे सुकून पडायचा प्रश्न नव्हता.

असेल, उडाला असेल, असं तिने मनाला सांगितलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहूनच तिने तो नंबर फिरवला.

४

एका घंटेतच फोन उचलला गेला.

"जागा," एक बाईचा आवाज म्हणाला. मध्यमवयीन, नीट, ना गोड ना कडू.

"माझ्या खात्यातून तुमच्या नावाने पैसे जातात. मला हे काय आहे ते समजून घ्यायचंय, आणि बंद करायचंय."

"आधी काय करायचंय? समजून घ्यायचं की बंद करायचं?"

वेलांटी गोंधळली. "तुमचा धंदा काय आहे?"

"ज्यांनी मागितली त्यांना आम्ही जागा देतो. तुम्ही मागितली होती."

त्या बाईच्या मागे कुठेतरी मोठी रिकामी खोली असावी, कारण शब्दांना किंचित घुमार येत होता. त्या घुमारातून वेलांटीला काहीतरी ऐकू आलं. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

घड्याळ असेल. जुन्या कचेऱ्यांत असतात भिंतीवरची घड्याळं. पण घड्याळ असं थांबून थांबून, विचार करून वाजत नाही.

"तुमच्याकडे कोण आहे तिथे?" तिने विचारलं. 

"बघायला या ना. तुमचा हक्कच आहे. उद्या तीन ते पाच." बाईने पत्ता सांगितला. जुन्या बाजाराच्या मागे, चष्म्यांच्या दुकानावर, तिसरा मजला.

जिन्यात त्या वेळी तिच्याशिवाय कोणी नव्हतं. फोन ठेवल्यावरही तिने मोबाइल बराच वेळ कानाला धरून ठेवला होता.

५

दुसऱ्या दिवशी तिने नणंदेला हॉस्पिटलमध्ये बसवलं आणि एकटी निघाली. आपण वेडेपणा करतोय, हे तिला कळत होतं. शोकात माणसांना नाही नाही ते ऐकू येतं. अशी पुस्तकं तिने स्वतः तपासली होती, त्यांत तक्ते असायचे. आपण कुठल्या तक्त्यात बसतो, याचा विचार करत ती बाजार ओलांडून गेली.

चष्म्यांचं दुकान उघडं होतं. काचेच्या कपाटात रिकाम्या चौकटी ओळीने मांडल्या होत्या. बाजूच्या दारातून जिना वर जात होता. लिफ्टही होती, पण जाळीला साखळी घातली होती आणि आत धूळ साचली होती. ती जिना चढू लागली.

पहिला मजला आला आणि वरून आवाज आला, टक्.

ती थांबली. आवाजही थांबला. तिने पुन्हा पाऊल उचललं. दुसऱ्या मजल्यावर पाय पडला मात्र, पुन्हा टक्. आधीपेक्षा स्पष्ट. हा लाकडाचा नव्हता, लोखंडाचा नव्हता. टाळूवरून सुटलेल्या जिभेचा ओलसर आवाज होता.  परत फिरावं असं तिला फार वाटलं. पण पंचवीस वर्षं ज्या आवाजावर ती खेकसत आली, त्याच आवाजाकडे तिचे पाय आता आपोआप चालू लागले.

तिसऱ्या मजल्यावर ती पोहोचली. टक्.

एक लांब, स्वच्छ व्हरांडा होता. दोन्ही बाजूंना राखाडी रंगाची दारं, प्रत्येक दाराला पोस्टाच्या पेटीएवढी काचेची खिडकी. कुठूनही कसला वास येत नव्हता. जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून एक बाई ब्लेडने पेन्सिलींना टोक काढत बसली होती. टेबलावर टोक केलेल्या पेन्सिली ओळीने मांडलेल्या होत्या आणि सालपटं एका बशीत. ती कुठल्याही कचेरीत दिसेल अशी बाई होती.

"बसा," ती म्हणाली. "तुमचा कागद काढूनच ठेवलाय."

६

कागद बघताच वेलांटीला तो दिवस जसाच्या तसा आठवला.

हॉस्पिटलचा तळमजला, माणसांची झुंबड, भिंतीला टेकवलेली स्ट्रेचरं. कोणाला खाट मिळत नव्हती. नवरा एका स्ट्रेचरवर, आणि ही त्याची चप्पल हातात घेऊन उभी. कोणीतरी तिच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला होता. इथे सही, इथे खात्याचा नंबर, इथे सही. त्या गठ्ठ्यातच हा एक अर्धा कागद होता. तुटक्या 'ग'चा. त्यावर एकच ओळ छापलेली होती.

'जागा हवा आहे का? हो / नाही.'

आणि तिने काय केलं होतं? काळीज फुटायची वेळ, पण हाताची सवय काही सुटेना. जागा स्त्रीलिंगी, हवा पुल्लिंगी. इतका ढोबळ घोळ तिला सहन झाला नाही. तिने पर्समधून लाल पेन काढलं, 'वा'चा काना खोडला, वेलांटी दिली. 'जागा हवी आहे का?' आता वाक्य बरोबर झालं. मग तिने 'हो'ला गोल केला, खाली सही केली आणि खाट मिळते का बघायला धावली. खाटही लगेच मिळाली होती.

आता ती त्या लाल वेलांटीकडे बघत होती.

ओळीत चूक नव्हतीच. ती खाटेबद्दल विचारत नव्हती, नवऱ्याबद्दल विचारत होती. तो जागा हवा आहे का? झोपेतून उठलेला, डोळे उघडलेला, जागा? हवा आहे का?

आणि तिने त्या प्रश्नाची दुरुस्ती केली होती.

"तुम्ही जागा मागितली," टेबलामागची बाई म्हणाली. "आम्ही दिली. आम्ही कागद बघतो, माणसाच्या मनात काय होतं ते आम्हाला कसं दिसणार?"

 वेलांटी म्हणाली, "मला बघायचंय."

"डावीकडचं चौथं दार. काचेतून बघा. दार उघडायचं नाही."

सात-आठ पावलांचंच अंतर होतं. खोली लहान, भिंती पांढऱ्या. मधोमध एक वेताची खुर्ची आणि खुर्चीत काचेकडे पाठ करून बसलेला माणूस. समोर कोरी भिंत. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. बस यायची आहे आणि ती येतच नाही, असा तो बसला होता.

पाठमोरे सगळेच पुरुष सारखे दिसतात, तिने स्वतःला बजावलं. पिकलेले केस काय, खांदे काय, शंभर जणांचे असतील.

टक्, त्या माणसाने केलं. आणि काहीतरी चाहूल लागल्यासारखी मान किंचित डावीकडे वळवली. पूर्ण वळवली नाही. कान दिसला, गाल दिसला, जबड्याची कड दिसली.

जबड्याच्या कडेला कागदी रुमालाचा एक कपटा चिकटलेला होता. त्याच्या मधोमध लाल ठिपका होता.

७

ती टेबलाकडे परत कशी आली ते तिला आठवत नाही. खुर्चीची पाठ घट्ट धरून ती उभी होती.

"बंद करा. आत्ताच्या आत्ता बंद करा."

"करते की." बाईने खणातून दुसरा कागद काढला. त्यावर छापलं होतं, 'जागा सोडली.' खाली सहीपुरती रेघ. "बहुतेक जण हेच करतात. पैसे का जातात म्हणून रागावून येतात आणि सही करून जातात."

"आणि मग ते कुठे जातात? आतले?"

बाईने पेन्सिलीचं टोक बोटावर टोचून पाहिलं. "आमच्याकडे फक्त जागेची नोंद असते. जागा सोडल्यावर माणूस कुठे जातो, ते आमच्याकडे नसतं."

वेलांटी रेघेकडे बघत राहिली. सही करावी तर तो सुटेल. पण सुटून पलंगावर येईल की पलंगावरूनही सुटेल, हे कोण सांगणार? न करावी तर महिनाअखेर शहराबाहेरचं शुश्रूषागृह, आणि इथे ही खुर्ची, ही भिंत, वर्षानुवर्षं. पेन तिच्या हातात होतं. त्याचं टोक रेघेपासून बोटभर अंतरावर होतं.

मग तिने पेन मागे घेतलं.

सव्वीस वर्षांत तिने एकही दुरुस्ती परत घेतली नव्हती. लेखकांनी हातापाया पडावं, संपादकांनी मध्यस्थी करावी, ही आपली ढिम्म. पण दुरुस्ती परत घ्यायची खूण मुद्रित तपासणाऱ्यांत असते आणि ती तिला माहीत होती. नवीन मुलींना ती दर वर्षी शिकवायची. फक्त स्वतः कधी वापरली नव्हती, एवढंच.

तिने 'जागा सोडली' बाजूला सारला आणि आपला जुना कागद पुढे ओढला. 'हवी'खाली, एकाला लागून एक, तीन ठिपके दिले. खोडलेल्या कान्याशेजारी समासात लिहिलं, 'मूळ बरोबर. तसेच ठेवावे.' 'ठे'ची मात्रा वाकडी गेली. तिने ती तशीच राहू दिली आणि खाली सही केली.

टेबलामागच्या बाईने कागद उचलला. एकदा वाचला, दोनदा वाचला. हातातलं ब्लेड बशीत ठेवलं आणि पहिल्यांदाच वेलांटीकडे नीट पाहिलं.

"चूक तुमची होती, असं लिहून देताय?"

"हो," वेलांटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "चूक माझी होती. तो जागा हवा आहे. मला तो जागा हवा आहे हो!"

व्हरांड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वेताची करकर, मग दोन पावलं. मग काहीच नाही. तिने कान टवकारून टक्ची वाट पाहिली. ते आलं नाही.

ती चौथ्या दाराकडे धावली. खोलीत खुर्ची होती, भिंत होती. खुर्चीत कोणी नव्हतं. बसलेल्या माणसाच्या वजनाने खोलगट झालेला वेत हळूहळू वर येत होता.

"इथे आता तुमचं काही राहिलं नाही," मागून बाई म्हणाली. तिने दुसरी पेन्सिल हातात घेतली होती. "जिना जपून उतरा."

८

ती रस्त्यावर आली तेव्हा लख्ख ऊन होतं. भाजीवाल्याची हातगाडी, शाळेतून परतणारी पोरं, हॉर्न वाजवणारी रिक्षा, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. टक् थांबलं होतं. थांबलं म्हणजे काय? माणूस उठला की संपला? तिने स्वतःच्या हाताने ठिपके दिले होते. सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणत होता की बरोबर केलंस. पण त्याच अनुभवाने पाच महिन्यांपूर्वी काय केलं होतं, तेही तिने आताच पाहिलं होतं.

मोबाइल वाजला. नणंद होती आणि ती रडत होती. "वहिनी... वहिनी, लवकर ये..." एवढंच. पुढे नुसते हुंदके. ती आनंदाने रडते की दुःखाने, ते तिच्या हुंदक्यांवरून पूर्वीही कधी कळत नसे. भावाच्या लग्नातही ती अशीच रडली होती.

रिक्षा सोडून वेलांटी शेवटचा चौक धावतच गेली. या वयात, साडी सावरत, तोंडाने धापा टाकत. हॉस्पिटलचा जिना चढताना कुठूनही कसलाच आवाज येत नव्हता, आणि त्या शांततेने तिचा जीव आणखी कासावीस झाला. दुसऱ्या मजल्यावर खोलीचं दार सताड उघडं होतं. आत डॉक्टर, घाई, आणखी दोन नर्सेस, आणि सगळ्यांच्या पाठी दाराकडे. तिने कोणाला तरी खांद्याने बाजूला केलं.

पलंगाचा डोक्याकडचा भाग वर केलेला होता. तो उशीला टेकून होता. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे पडलेले. आणि डोळे उघडे. ते डोळे एकेका चेहऱ्यावरून फिरत फिरत तिच्यापाशी आले आणि तिथेच थांबले. तिला बघून त्यांत पाणी आलं.

"अहो," ती म्हणाली.  तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. हात उबदार होता आणि त्या हाताने तिची बोटं दाबली. क्षीणच, पण दाबली. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"बोलू नका इतक्यात," डॉक्टर म्हणाले, पण तो कधी कोणाचं ऐकेल तर शपथ. त्याने ओठ ओले केले. घशातून घरघर निघाली, मग शब्द निघाले. पाच महिन्यांतले पहिले.

"बसून बसून... पाठ धरली गं."

खोलीत एकदम हशा पिकला. सगळ्यांचा ताण त्या हशात मोकळा झाला. नणंद तर हसते आहे की रडते आहे, तेच कळेना. "झोपून रे दादा! झोपून झोपून म्हण! पाच महिने कुंभकर्णासारखा पडलायस आणि म्हणे बसून!" घाईनेही मान डोलावली. "होतो शब्दांचा गोंधळ सुरुवातीला. हळूहळू सुधारेल." मग सवयीने सगळ्यांनी वेलांटीकडे पाहिलं, कारण या घरात चुकीचा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला की तो दुरुस्त करायचं काम तिचं होतं.

तो मात्र हसत नव्हता. तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत एक घाबरा प्रश्न होता. निदान हिला तरी माहीत आहे का, असा.

वेलांटी पलंगाच्या कडेला टेकली. तिने त्याच्या पाठीमागे हात घातला आणि ताठ धरून ठेवलेल्या त्या पाठीवरून तळवा हळूहळू फिरवू लागली.

"बरोबर बोलतायत ते," ती म्हणाली.